डाव्या खांद्याची रायफल

मी लिहावं का, हे अजून माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. अंगठे उठवले, तेही बहुतेक वेळा दुसऱ्यानं मनगट धरून. ही भाषासुद्धा मला आश्रमशाळेत मिळाली. घरी आम्ही आमची पारधी बोली बोलतो. खाली घरच्या माणसांच्या तोंडी जी मराठी येईल ती मी घातलेली आहे, तेव्हा ती कुठं अवघडली तर दोष माझा. शिवाय विषय असा, की त्यावर कुणी आठवणी लिहीत असतील असं वाटत नाही. हरणाच्या शिकारीसाठी मधल्या किमतीची एक रायफल निवडायची होती, एवढंच. तरीही लिहितोय. मोठ्या लेखकांनी आणि ज्यांना शिकारीचं नाव नको वाटतं त्यांनी मला माफ करावं.

गेल्या आठवड्यात कामासाठी वेल्सच्या सीमेवरच्या त्या छोट्या गावातून जाताना पाहिलं, बंदुकांचं दुकान राहिलेलं नाही. तिथं आता कुत्र्यांची अंथरुणं आणि खाऊ विकतात. दार तेच आहे, हिरवं, खाली ओल धरलेलं. मी आत गेलो, उगाच दोन वस्तू हातात घेतल्या, ठेवल्या. काउंटरच्या मागच्या लाकडी फळ्या अजून तशाच होत्या, आणि त्यांच्यातून, कुत्र्यांच्या बिस्किटांच्या वासाखालून, तो जुना वास येत होता. बंदुकीचं तेल, ओलं लोकरीचं कापड, आणि थोडासा जळका, तिखट असा एक. मी तिथं जरा जास्तच वेळ उभा राहिलो असणार, कारण दुकानातल्या मुलीनं येऊन विचारलं, कुठल्या जातीचं कुत्रं आहे तुमचं? मी म्हटलं, नाही, माझ्याकडे कुत्रं नाही.

रायफल निवडली त्या वर्षी मी कार्डिफला राहून जंगल-व्यवस्थापन शिकत होतो. सरकारी शिष्यवृत्तीवर आलो होतो. इथल्या जंगलांत हरणांना खाणारं आता कुणी उरलेलं नाही. लांडगे केव्हाच संपले. हरणं वाढतात, रोपांचे शेंडे खातात, आणि मग झाडंच उभी राहत नाहीत. म्हणून दर हिवाळ्यात माणसं ठरवून, मोजून हरणं मारतात. कायद्यानं, परवान्यानं. हे काम मी ह्यू नावाच्या एका वनरक्षकाच्या हाताखाली शिकत होतो. ह्यू कमी बोलायचा. ओल्या नेच्यांतून तो पुढं चालायचा, मी मागं. त्याच्या बुटांचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. माझ्या बुटांचा त्याला यायचा. पण पहिल्याच महिन्यात एकदा वळून त्यानं विचारलं, तुला वारा बघायला कुणी शिकवलं? मी गवताची काडी सोडून बघत होतो, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

आजानं शिकवलं होतं, म्हणजे माझ्या बाच्या बापानं. पण ते त्याला कसं सांगणार?

आजाकडे फासे होते. आम्ही फासेपारधी. जनावराच्या तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, वळून वळून केलेले, बाभळीच्या खुंट्यांना बांधलेले फासे. मी कळता झालो तोवर हरणाला फास लावणं बंद झालेलं होतं. फासे नुसते पालाच्या आडव्या काठीला टांगलेले असत. वारा आला की खुंट्या एकमेकींवर वाजत, टक, टक, सुक्या शेंगांसारख्या. पावसाळा सरला की आजा ते खाली काढायचा आणि करडईचं तेल लावून मऊ करायचा. वापरायचे नव्हते तरी. त्या तेलाचा आणि तातीचा वास त्याच्या बोटांना आठवडाभर असायचा, आणि तो त्याच बोटांनी मला भाकरी मोडून द्यायचा.

आणि एक गाय होती. बांडी, एका शिंगाची. तिच्या आडोशानं आजा पूर्वी माळावर हरणांच्या जवळ जायचा. तो वाकून गायीच्या पोटाआड, गाय चरत चरत पुढं. तीन पावलं, मग थांबणं, मग खाली तोंड. हरणांना वाटायचं, गाय आहे. माझ्या वेळेला ती म्हातारी झाली होती आणि नुसतं दूध देत होती, तेही कधी कधी. पण पाण्यावर नेताना ती तशीच चालायची. तीन पावलं, थांबायची, तोंड खाली घालायची, जिथं गवत नाही तिथंही. आम्ही पोरं तिच्या पोटाआड वाकून चालायचो आणि हसायचो. आजा हसायचा नाही. तो म्हणायचा, गाभण दिसली तर फास सोडवून द्यायचा. जोडीतलं एक ठेवायचं. हे तो आम्हाला सांगत होता की गायीला, कळत नसे.

मग एक दिवस फासे गेले. खाकी कपड्यांतली काही माणसं आली आणि घेऊन गेली. आडवी काठी तेवढी राहिली. मी ती काठी पाहत झोपायचो.

तर त्या शरदात ह्यू म्हणाला, नोव्हेंबरात माद्यांचा हंगाम सुरू होईल. तोवर तुझा स्वतःचा परवाना आणि स्वतःची रायफल असेल, तर शिक्षण संपल्यावर ही जागा तुझी. नाहीतर दुसरा एक मुलगा रांगेत आहे. माझी रायफल तू माझ्यासोबत असतानाच वापरू शकतोस, आणि मी कायम सोबत नसणार. त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं आणि डब्यातलं सँडविच खाऊ लागला.  परवाना पोलीस देतात. आणि इथले पोलीस, परवाना देण्याआधी, घरी येतात.

बेथनचं ते दुकान. ती साठीची असावी. चष्मा डोक्यावर, आणि तो शोधत फिरायची. काउंटरवर हिरवी जाड सतरंजी अंथरून तिनं माझ्यासमोर तीन रायफली ठेवल्या. मधल्या किमतीच्या, म्हणाली. स्वस्त घेशील तर दोन वर्षांत बदलशील, महाग घेशील तर ओरखडा पडेल म्हणून जंगलात न्यायचा नाहीस. एकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता, रेषा रेषांचा, फार सुंदर. दुसरी काळी, हलकी, पण तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवायचा दांडा, ओढताना मध्ये कुठं तरी खरखरायचा. तिसरी करड्या रंगाची, स्टीलच्या नळीची, दिसायला काहीच नाही.

मी लाकडाच्या रायफलीवरून हात फिरवत राहिलो. बेथन म्हणाली, ती इथल्या पावसात फुगते रे, भिंतीवर छान दिसेल.

तिनं मला रायफल खांद्याला लावून डोळे मिटायला सांगितलं. मग उघड, म्हणाली. रायफलीवरच्या दुर्बिणीतून काय दिसतं? मी म्हटलं, काळं. मान हलवली तर अर्धा चंद्र दिसे. तीनही रायफलींत तसंच.  मला वाटलं, हे यायला हवं होतं, माझ्या रक्तात असायला हवं होतं, आणि नाहीये. बेथननं चष्मा खाली ओढला आणि मला म्हणाली, दाराच्या मुठीकडे बोट कर. आता एक डोळा मीट. आता दुसरा.

"तू डावा आहेस," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी उजव्या हातानं लिहितो.

"लिही की. पण बघतोस डाव्यानं." मग जरा थांबून, "कुणी बदलला हात तुझा?"

"शाळेनं," मी म्हणालो.

तिनं चष्मा परत डोक्यावर सारला. आत गेली आणि बराच वेळ आतून खोकी सरकवल्याचा आवाज येत राहिला. मला आश्रमशाळेची पट्टी आठवली, तिच्या कडेला लावलेली पत्र्याची पट्टी, आणि फळ्यावरच्या खडूच्या धुळीचा वास. आणि हेही की, फाशाची गाठ आजा मला डाव्या हातानंच मारू द्यायचा. तो स्वतःही तशीच मारायचा का? मला आठवत नाही. आता विचारायला कुणी नाही.

बेथन जी घेऊन आली ती त्या तिसऱ्या करड्या रायफलीचीच बहीण, पण बोल्ट डाव्या बाजूला. या किमतीत डाव्या हाताची एवढीच एक मिळते, म्हणाली, आणि ही एका माणसानं मागवली आणि मग नेलीच नाही म्हणून पडून आहे. मी ती खांद्याला लावली. डोळे मिटले. उघडले. दुर्बिणीत समोरच्या गल्लीतली एक खिडकी पूर्ण गोल, स्वच्छ उभी होती. खिडकीत कुणीतरी कपडे वाळत घातले होते. मी बोल्ट मागं ओढला. आवाज फार थोडा झाला. चाप दाबला, तो एका जागी थांबला आणि मग काच तुटावी तसा सुटला. खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं की भीतीनं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

परवाना आला की ने, बेथन म्हणाली. तोवर बाजूला ठेवते.

मी कार्डिफला निनादबरोबर राहत होतो. निनाद पुण्याचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. अंडंही खायचा नाही. परवान्यासाठी बंदुकीचं लोखंडी कपाट आधी भिंतीला ठोकून ठेवावं लागतं, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याची चावी कुठं आहे हे माहीत असता कामा नये. हे मी त्याला भीत भीत सांगितलं. तो जिन्याखालच्या जागेकडं बघत म्हणाला, "लँडलॉर्डची परमिशन मी घेतो, तुझं इंग्लिश फार पोलाइट आहे, तो नाही म्हणेल. पण माझी आई व्हिडिओ कॉलवर फ्रिजमागचा कांदा ओळखते. हे कपाट काय म्हणून सांगू?"

मी म्हटलं, आंब्याच्या पेट्या म्हण.

"आणि चावी कुठंय ते मला खरंच सांगू नकोस हां. मी झोपेत बडबडतो."

त्यानंच ड्रिल आणलं. विटांची लाल धूळ आमच्या दोघांच्या केसांत बसली.

पोलीस येणार त्याच्या आदल्या दिवशी मी घरी फोन केला. बा फोनवर आला. मागं कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी भांडी घासत होतं, राखेनं घासल्याचा तो खसखस आवाज येत होता. मी त्याला रायफलीचं सगळं सांगितलं. डाव्या बाजूचा बोल्ट, काचेसारखा चाप. तो हं हं करत होता, मला वाटतं त्याला बरं वाटत होतं. मग मी म्हणालो, उद्या माझ्या घरी पोलीस येणार आहेत, परवान्यासाठी. मी हे आनंदानं सांगितलं.

भांडी घासणं थांबलं. बानं विचारलं, किती जण?

एकच, मी म्हटलं. वेळ ठरवून. चहा प्यायला आल्यासारखा.

 आमच्याकडे पोलीस घरी येतात म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं असं नाही. जीपचा आवाज नुसता लांबून आला तरी पालावरची गडीमाणसं ज्वारीत शिरायची, पाय न वाजवता, आणि बाया चुलीपुढं बसून राहायच्या. आम्ही पोरं जीपच्या धुळीकडं बघायचो. डिझेलचा वास गेला की मग हळूहळू एकेक माणूस पिकातून परत यायचं, अंगाला ज्वारीच्या पानांचे चरे घेऊन. कुणी परत आलं नाही, तर बाया डबा बांधून तालुक्याला जायच्या. गावात कुणाचं काही हरवलं असेल, एवढंच आम्हाला कळायचं.

"कागद होऊ दे तुझा," बा शेवटी म्हणाला आणि फोन आईकडं दिला.

दुसऱ्या दिवशी तो अधिकारी आला. गणवेशात नव्हता. पावसात भिजलेली छत्री त्यानं बाहेर झटकली आणि दारात विचारलं, बूट काढू का? मी नको म्हटलं, तरी त्यानं काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी त्या भोकाकडं बघत त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिली. का हवी आहे? कुठल्या जमिनीवर? मागं डोंगर नसेल, हरीण कड्यावर आकाशासमोर उभं असेल, तर काय करशील? मारणार नाही, मी म्हटलं, गोळी कुठं जाईल ते माहीत नसेल तर नाही. त्यानं मान हलवली. कपाट धरून हलवलं. ते हललं नाही. भारतातून मागवलेला चारित्र्याचा दाखला पोचला होता, तो त्यानं उलटून पाहिला. मी मांड्या टेबलाखाली एकमेकींवर दाबून धरल्या होत्या. माझ्या मागं स्वयंपाकघराचं दार होतं आणि दाराबाहेर बाग. मला सारखं जाणवत होतं की ते दार उघडं आहे.

घरच्यांना काय वाटतं, त्यानं विचारलं.

मी म्हटलं, वडील अजून काही बोललेले नाहीत.

तो हसला. माझेही असेच होते, म्हणाला. मग बूट घालून गेला. निकाल कळवू, म्हणाला. निनादनं त्याच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला होता, वर साय धरली होती.

त्यानंतर थांबणं. मला ते दिवस वासांनी आठवतात. ओल्या लार्च झाडांच्या सालीचा वास, ट्रेनमधल्या ओल्या कोटांचा, ह्यूच्या गाडीतल्या रक्त आणि जंतुनाशकाचा. फॅलो हरणांचे नर त्या दिवसांत दरीत ओरडत, ढेकर द्यावी तसा खोल, ओंगळ आवाज. मी तो ऐकायचो आणि फोन बघायचो. ह्यू काही विचारायचा नाही, त्यामुळं जास्तच भीती वाटायची. एकदा तो दुसरा मुलगाही आमच्यासोबत आला. चांगला होता. त्याच्याकडे स्वतःची रायफल होती. बेथनचा फोन आला, एक डावखुरा पशुवैद्य त्या रायफलीसाठी विचारतोय. महिनाअखेरपर्यंत ठेवते, पुढं मला दुकान चालवायचंय.

घरी फोन केला की धाकटी बहीण घ्यायची, संगी. मला बाशी बोलायचं होतं. मोठ्या मादीसाठी लहान गोळी पुरेल का, दरीत वारा कसा फिरतो, खरं म्हणजे असंच काहीतरी. संगी म्हणाली, बा राखणीला गेलाय. पुढच्या वेळी म्हणाली, मावशीकडं गेलाय. त्याच्या पुढच्या वेळी आईनं फोन घेतला, बा पाण्यावर गेलाय म्हणाली, आणि लगेच विचारलं, तुझा कागद झाला का? भर दुपार होती तिकडं. पाण्यावर कोण जातं त्या वेळी? मला वाटलं, बा रागावलाय. ज्या माणसाच्या बापाचे फासे नेले त्याचा पोरगा पोलिसांपुढं पाय जोडून बसतो, हरीण मारायची परवानगी मागतो. रागावणारच. मी मनात त्याला उत्तरं देत चालायचो. ती उत्तरं फार चांगली असायची. निनाद म्हणायचा, तू हल्ली कुणाशी भांडतोस रे बाथरूममध्ये?

एका सकाळी मी युनिव्हर्सिटीच्या पायऱ्यांवर होतो तेव्हा फोन आला. त्या अधिकाऱ्याचाच आवाज. परवाना मंजूर झाला, पोस्टानं निघाला आहे. त्यानं अभिनंदन केलं, आणि म्हणाला, आता वडिलांना विचार त्यांना काय वाटतं. मी पायरीवरच बसलो. पायरी ओली होती. दोन मुली मला ओलांडून गेल्या. मी ह्यूला कळवलं, त्यानं नुसतं "बरं" असं उत्तर पाठवलं, आणि मग आणखी एक, सोमवारी सहाला. बेथनला सांगितलं तर ती म्हणाली, चष्मा सापडला की तुझ्या नावाची चिठ्ठी लावते.

पण घरी सांगायला मी परवाना हातात येईपर्यंत थांबलो.  तो दोन दिवसांनी आला, जाड कागदावर, माझ्या फोटोसकट. मी त्याचा फोटो काढून संगीला पाठवला आणि फोन लावला. तिकडं दुपार होती. मागं कोंबड्या नव्हत्या, भांडी नव्हती, काहीच आवाज नव्हता.

"नक्की झाला?" संगीनं विचारलं. "हातात हाय तुझ्या? आता परत न्हाई ना घेत?"

नाही घेत, मी म्हटलं. बा कुठंय?

 मग तिनं सांगितलं. तू पोलिसांचं बोललास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच जीप आली. गावात कुणाच्यातरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. बा ज्वारीत पळाला नाही. म्हणाला, पळालो तर नाव लागंल, आणि नाव लागलं तर पोराच्या पोलिसांना कळंल. स्वतःच जीपमध्ये जाऊन बसला. आई रोज डबा घेऊन जायची. बानं आतूनच सांगून ठेवलं होतं, कागद हातात येईस्तवर त्याला कुणी काही बोलायचं नाही, पोलीस सगळीकडं एकच असत्यात, ते फोन ऐकत्यात.

"मोटार सापडली," संगी म्हणाली. "मालकाच्या भावाकडंच व्हती. काल सोडला बाला."

मी म्हटलं, त्याला फोन दे.

"आता न्हाई देत, दादा. पाठीला हळद लावून पालथा निजवलाय, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उठला की सांगते, कागद आला म्हणून."